दोनशे शब्दांतली मंडई

मी उभ्या आयुष्यात एकही संशोधन केलेलं नाही. पण लोकांची शेकडो संशोधनं खुर्चीत बसल्या बसल्या मनातल्या मनात करून झाली आहेत. विद्यापीठाच्या संशोधन कक्षात माझं टेबल खिडकीला लागून होतं, खिडकीबाहेर मोहाचं झाड होतं, आणि टेबलावर कायम कुणाचा तरी शोधप्रस्ताव पडलेला असायचा. कुणी वटवाघळांबद्दल लिहिलेलं असायचं, कुणी वैनगंगेतल्या माशांबद्दल, कुणी गावातल्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी कुठं मुरतं त्याबद्दल. पहिलं पान वाचेपर्यंत मी सरकारी माणूस असे. दुसऱ्या पानावर गुडघाभर पाण्यात उतरलेलो असायचो. आमचे शिपाई बाबूराव चहा ठेवून जायचे आणि दाराशी थांबलेल्या प्राध्यापकाला सांगायचे, "पाच मिनिटं थांबा सर, भाऊ झोपले हायेत." मी झोपलेलो नसायचो. मी कामावर असायचो, फक्त खुर्चीत नसायचो.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगणं अवघड जातं. माझ्या व्याह्यांना अजून वाटतं की मी विद्यापीठात अर्ज लिहून द्यायचो, आणि ते काही फार चुकलेलं नाही. शिकल्यासवरल्या माणसाच्या डोक्यात एक प्रश्न शिरतो. तो सोडवायला गाडीभाडं लागतं, यंत्र लागतं, हाताखाली एखादा माणूस लागतो. त्यासाठी अनुदान देणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईला, दिल्लीला असतात. त्या प्रश्न ऐकून घेत नाहीत, फॉर्म मागतात. शीर्षक, उद्दिष्टं, पूर्वी कुणी काय लिहिलं, तुम्ही काय करणार, कसं करणार, कधी संपवणार, समाजाला उपयोग काय. कोणती योजना कधी निघाली ते हुडकायचं, चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेजांना कळवायचं, आणि जो येईल त्याचं म्हणणं मुदतीच्या आत त्या रकान्यांत बसवून द्यायचं, एवढं माझं काम. लग्नाच्या पोरीचा बायोडाटा लिहून देण्यासारखंच. पोरगी कितीही गुणाची असली तरी उंची आणि शिक्षण लिहावंच लागतं.

यात माझा हात चांगला बसला होता, हे मी न लाजता सांगतो. आमचे प्राध्यापक बोलायला बसले की सुरेख बोलत, पण लिहायला बसले की थांबत नसत. दोनशे शब्द मागितले तर आठशे आणत. मी लाल पेन काढायचो. माझा नियम एकच होता: सगळ्यांना माहीत असलेलं लिहायचं नाही. तपासणाऱ्यापुढं प्रस्तावांचा गठ्ठा असतो, त्याला माहीत असलेलं वाचायला लावलं की तो जांभई देतो आणि जांभई दिलेला प्रस्ताव नापास होतो. या नियमानं मी पुष्कळांना अनुदान मिळवून दिलं. मागून मला कैचीभाऊ म्हणत. मला ते आवडायचंही.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. इतिहासाचे एक वयस्कर सर होते. 'अपेक्षित निष्कर्ष' या रकान्यात त्यांनी लिहून आणलं होतं, 'ते आधीच ठाऊक असतं तर संशोधन कशाला केलं असतं?' मी त्यांना दोन तास बसवून निष्कर्ष लिहायला लावला. जाताना ते म्हणाले, "भोयरभाऊ, तुम्ही मले ज्योतिषी करून टाकलं." त्यांचं म्हणणं खरं होतं, पण खऱ्याला रकाना नव्हता.

आणि कोरपन्याकडून आलेले वनस्पतिशास्त्राचे सर तर मी विसरूच शकत नाही. त्या बाजूला सिमेंटचे कारखाने, रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ बसलेली. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. सरांच्या डोक्यात आलं, धूळ बसलेल्या पानांना नीट मिटता येतं का? त्यांच्या फॉर्मवर शीर्षक होतं, 'चिंचेची झोप'. मी ते खोडून 'धूलिकणांचा पर्णहालचालींवरील परिणाम' असं केलं, आणि तरीही प्रस्ताव नामंजूर झाला. मंजूर झालेल्यांचा हिशेब मागितला जातो, अहवाल येतो, फाईल बंद होते. नामंजूर झालेले मात्र माझ्या डोक्यात चालूच राहतात. ते सर निवृत्त होऊन नागपूरला गेले, पण माझ्या लेखी ते अजून गडचांदूरच्या रस्त्यावर एका चिंचेखाली मान वर करून उभे आहेत, आणि पानं मिटायची वाट पाहत आहेत.

आता जिच्यासाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडं वळतो.

करुणा रामटेके आरमोरीजवळच्या एका खेड्यातली. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि सुट्ट्या लागल्या की पगारही सुट्टीवर. पहिल्यांदा आली तेव्हा दाराशी बाबूरावांनी नेहमीचं सांगितलं, तर ती म्हणाली, "झोपू द्या, मी बसतो इथीच." आणि खरंच बाकावर तास काढला. मला ते नंतर कळलं तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं.

तिचा विषय मंडईचा होता. शीर्षक, 'झाडीपट्टीतील मंडई आणि सासुरवाशीण बहिणींचे नाते'. ती सांगू लागली तशी मी फॉर्म बाजूला ठेवला. तिच्या आईची एकच बहीण. ती वैनगंगेपल्याड दिलेली. दोघींची भेट वर्षातून एकदा, मंडईत. घरात देवदेव नाही, छप्पन सालच्या दीक्षेपासून आजोबांनी सगळं बंद केलेलं. मंडईत देवाची ढाल, मोरपिसं लावलेला उंच बांबू, मिरवत निघते, तिकडं आई फिरकत नाही. पण मंडई तिनं एकदाही चुकवली नाही.

"भाऊ, ह्या बाया वर्षभराचं सगळं तिथी ठरवतात," करुणा सांगत होती. "पोरगी कोणाले द्याची, म्हातारीले कोणं सांभाळाचं, कोणाच्या नवऱ्याले कोणं समजवाचं. मानसं तिकडं जिलेबी खाऊन राह्यतात आणि समजतात का आपण ठरवलं. मले ह्या दोन तासांचं संशोधन कराचं आहे. कोणंच केलं नाई."

त्या दुपारीही मी खुर्चीत नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढं धान कापलेल्या शेतांच्या बांध्या दिसत होत्या, मधल्या धुऱ्यावरून एकामागं एक चालत येणाऱ्या बाया, हातात पिशव्या, पिशवीत काहीतरी बहिणीसाठी बांधून आणलेलं. मला वाटलं, हा प्रस्ताव मंजूर झालाच पाहिजे. योजना चाळिशीच्या आतल्यांसाठी होती आणि येत्या फेब्रुवारीत करुणाला चाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे एकच संधी. प्रकल्प मिळाला असता तर दोन वर्षं तिला तासांच्या मागं धावावं लागलं नसतं, आणि पुढं नोकरीच्या मुलाखतीतही त्याचं वजन पडलं असतं.

तिनं सारांश उत्तम लिहिला. मी फारसा हात लावला नाही. मुदतीच्या दिवशी दुपारी सगळी कागदपत्रं पोर्टलवर चढवली. पाचला पोर्टल बंद होणार होतं. तिलाही पाचलाच वडशाला तास घ्यायचा होता, म्हणून म्हटलं, "तुम्ही जा करुणाबाई, शेवटचं बटन मी दाबतो." ती एसटीत बसली. जंगलातल्या पट्ट्यात फोन लागत नाही, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

साडेचारला बटण दाबलं तर पोर्टल म्हणालं, सारांश मर्यादेपेक्षा जास्त आहे. दोनशे शब्दांवर तीसेक शब्द. करुणाला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. घड्याळ पुढं सरकत होतं. मी सारांश वाचला आणि पाहिलं तर पहिल्या परिच्छेदात तिनं मंडई म्हणजे काय ते सांगितलं होतं. मला हसूच आलं. मंडई म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नाही? शेंबड्या पोराला विचारा. मी तो परिच्छेद पुसला, बटण दाबलं, पोर्टलनं धन्यवाद म्हटलं. खाली जाऊन समाधानानं चहा प्यायलो.

जानेवारीत निकाल आला. नामंजूर. तज्ज्ञांचा अभिप्राय दोन ओळींचा होता. 'भाजी मंडईतील स्त्री-विक्रेत्यांचे कौटुंबिक संबंध हा विषय स्वागतार्ह आहे; तथापि शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेचा कोणताही विचार प्रस्तावात दिसत नाही. कृषी पणन विषयाच्या तज्ज्ञांचा सहभाग घ्यावा.'

कक्षातले सगळे हसले. बाबूराव तर डोळे पुसू लागले. करुणाही आधी हसली, मग तिनं तो कागद पुन्हा वाचला आणि हसणं थांबवलं.

मी ताबडतोब पुण्याला, त्या संस्थेला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते.

"सर, मंडई म्हणजे आमच्याकडं भाजीबाजार नसतो. जत्रेसारखं असतं."

"मग जत्रा लिहायचं ना."

"जत्रा देवाची असते सर. ही पाहुण्यांची असते."

"म्हणजे तिथे भाजी मिळत नाही?"

मी खरं बोलणारा माणूस. "मिळते," म्हटलं. "वांगी असतात. शिंगाडे असतात."

"झालं तर मग." मग ते मऊ आवाजात म्हणाले, "अहो, एक ओळ लिहिली असती ना खुलाशाची, तरी चाललं असतं. आमच्याकडे मंडई म्हटलं की भाजीच डोळ्यांपुढे येते. आता निकाल बदलता येत नाही."

फोन ठेवला. करुणा समोरच उभी होती. "काय म्हणून राह्यले?"

"म्हणतात, खुलासा पाहिजे होता."

"होता ना!" तिचा आवाज चढला. "पहिलाच परिच्छेद होता भाऊ. तोच तर मी सात खेपा लिहिला. काऊन नाई वाचला त्यायनं?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंडात शब्दही आले होते. पण शेजारी दोन तरुण प्राध्यापक उभे होते, बाबूराव होते, आणि निवृत्तीला सहा महिने राहिलेला मी कैचीभाऊ होतो. मी म्हणालो, "पहिला परिच्छेद वाचतच नाईत ते लोक, करुणाबाई. आपलं कोण वाचते?"

ती निघून गेली. नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या, पण खोटं म्हणावं असं एवढंच बोललो, आणि नेमकं तेच खरं मानलं गेलं.

पुढं कळत गेलं की करुणानं लिहिणं सोडलं. परिषदांना निबंध पाठवायची ते बंद केलं. वर्गात मुलांना सांगते म्हणे, आपलं तिकडं कोणी वाचत नाही, परीक्षेपुरतं लिहा. फेब्रुवारी आली आणि गेली. मी निवृत्त झालो. निरोप समारंभाला ती आली होती, शाल द्यायला सगळ्यांत पुढं होती. ती शाल मी अजून वापरलेली नाही.

घरी बसल्यावर माझी दिवास्वप्नं आणखी वाढली. दुपारी अंगणात खाट टाकून पडलं की तीच मंडई दिसायची. बाया धुऱ्यावरून येताहेत, येतच आहेत, आणि मैदानाशी कुणीतरी त्यांना अडवून विचारतंय, भाजी कुठं आहे? तो विचारणारा माणूस वळला की त्याचा चेहरा माझा असायचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एक नवी योजना निघाल्याचं समजलं. सवय सुटत नाही, मी अजून जाहिराती पाहतो. वयाची अट नव्हती. मराठीत लिहिलं तरी चालणार होतं. मी दोन-तीन दिवस ती जाहिरात खिशात घेऊन फिरलो. करुणाला फोन करून योजना सांगितली तर ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. तुम्ही मंडईले या, मायनं बलावलं आहे. फॉर्माचं मात्र काढू नका."

मी गेलो. माझं वय साठीच्या पार, जन्म याच जिल्ह्यातला, मंडया पुष्कळ पाहिलेल्या. पण जिलेबीच्या बाजूनं पाहिलेल्या. बायांच्या बाजूनं पहिल्यांदा पाहत होतो. गावाबाहेर तलावाच्या काठी मैदान होतं. उन्हाला नव्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास होता. ढोलकी कुठंतरी लांब वाजत होती आणि फुगेवाल्याच्या पिपाण्या. आंब्याच्या झाडाखाली करुणानं सतरंजी पसरली होती. तिची आई बसलेली होती, पाय लांब करून, रस्त्याकडं पाहत. मग नदीपल्याडची मावशी आली. मला वाटलं होतं आता दोघी बोलत सुटतील. पण मावशी नुसती शेजारी टेकली, आईनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. आजूबाजूच्या सतरंज्यांवर अशाच जोड्या बसलेल्या होत्या. मी जे कागदावर वाचलं होतं ते समोर चाललं होतं, इतकं संथ की मी जागा आहे की टेबलाशी डोळा लागला आहे हे मलाच सांगता आलं नसतं.

करुणा माझ्यासाठी शिंगाडे सोलत होती. मी म्हणालो, "करुणाबाई, त्या योजनेले अजून वीस दिवस आहेत."

"भाऊ, तुम्हाले म्हटलं होतं ना. आपलं कोण वाचते? तुम्हीच तर सांगितलं."

"मी खोटं सांगितलं."

तिनं शिंगाडा तसाच हातात धरला.

"तो परिच्छेद गेलाच नव्हता," मी म्हणालो. "शब्द जास्त झाले होते. तुमचा फोन लागत नव्हता. मी काटला. मले वाटलं, मंडई म्हणजे काय हे कोणाले माहीत नाई? त्या मानसानं सगळं वाचलं होतं, करुणाबाई. जेवढं पाठवलं तेवढं वाचलं. मीच पाठवलं नव्हतं."

तिला पटकन कळलं नाही. "कोणता परिच्छेद?"

मला तो पाठ होता. तिच्याकडं न पाहता, तलावाकडं पाहत मी म्हटला. 'दिवाळी होऊन हलका धान घरात आला की आमच्या भागात गावोगाव ठरल्या दिवशी मंडई भरते. ही भाजीची मंडई नव्हे. या दिवशी दूरदूर दिलेल्या लेकी चालत येतात आणि वर्षभराचं बोलणं एका दुपारी बोलून घेतात.'

ही भाजीची मंडई नव्हे. चार शब्दांचं वाक्य. त्या दिवशी मला हसू आलं होतं ते याच वाक्याचं.

करुणाच्या आईनं मान वळवली. "ह्ये कोणं लिवलं?"

"तुमच्या पोरीनं," मी म्हणालो.

करुणा उठली. तलावाच्या मातीच्या पाळीपर्यंत गेली आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. मी जागचा हललो नाही. मावशीनं मला काय झालं म्हणून विचारलं नाही, फक्त शिंगाड्यांचं पान माझ्याकडं सरकवलं. मला रडू येत होतं आणि परक्या बायांसमोर ते फार अवघड वाटत होतं.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"दोन वर्षं, भाऊ. दोन वर्षं मी त्या पुण्याच्या मानसाले शिव्या दिल्या. पोरांयले काय काय सांगितलं वर्गात."

"आता मले द्या शिव्या."

"देईन ना. सोडतो काय? पण आज नाई, आज मावशी आली आहे." तिनं पर्समधून वही काढली, पेन काढलं आणि दोन्ही माझ्या मांडीवर आणून टाकलं. "वीस दिवस म्हणता ना? मग लिहा. माय सांगते, मावशी सांगते, तुम्ही लिहा. अन् एक शब्द काटाचा नाई."

मी चष्मा पुसला. वहीचं पान कोरं होतं. नोकरीभर मी दुसऱ्यांचं लिहिलेलं कमी करत आलो होतो, कुणाचं बोलणं पहिल्यापासून लिहून घ्यायला कधी बसलो नव्हतो. करुणाच्या आईला म्हणालो, "सांगा बाई. मंडई म्हणजे काय?"

ती मी वेडा असल्यासारखी माझ्याकडं पाहत राहिली. मग मांडीवरचा मावशीचा हात तिनं जरा उचलून दाखवला.

"मंडई म्हंजे माही बहीण," ती म्हणाली. "अजून काय?"

मी लिहिलं. शब्द मोजले नाहीत.